मुठीचे ऋण

भिलाईच्या आमच्या क्वार्टरचे स्वयंपाकघर आणि शेजारच्या क्वार्टरचे स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून होते. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे तांदूळ मापला गेला तरी इकडे ऐकू येई. आधी मापाने तांदूळ सुपात पडल्याचा जाड आवाज येई. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग कुठल्याशा लहान पत्र्याच्या डब्यात मूठभर दाणे पडल्याचा बारीक आवाज, पावसाची एखादी सर कौलांवरून घरंगळत जावी तसा. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. माझ्या बालपणाचे जे काही आवाज मनात उरले आहेत, त्यांत कारखान्याच्या भोंग्याच्या खालोखाल हाच.

वडील १९५८ साली वर्ध्याहून भिलाईला आले. रशियाशी १९५५ मध्ये करार झाला होता, आणि दुर्गच्या अलीकडच्या उजाड माळावर पोलादाचे एक गाव उभे राहत होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा वडील गर्दीत उभे होते. तो दिवस ते सणासारखा सांगत. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून लोहखनिज येई आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसे येत. सेक्टरच्या एकेका गल्लीत मल्याळी, बंगाली, पंजाबी, तेलुगू, छत्तीसगढी कुटुंबे नांदत. नावापेक्षा गावानेच माणूस ओळखला जाई. आमच्या शेजारचे 'राँचीवाले काका' होते. आम्ही त्यांच्या लेखी 'वर्धावाले'. काका जातीचे उराँव, रोलिंग मिलमध्ये कामाला. धर्माने ख्रिस्ती, आणि तेही ल्यूथरपंथी. छोटानागपूरच्या गॉस्नर चर्चचे.

त्या लहान डब्याविषयी मी काकूंना एकदा विचारले होते. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले आणि म्हणाल्या, "मुठिया है बेटा. मंडली का." मंडळी म्हणजे त्यांच्या पंथाची त्या भागातली पंधरा-वीस कुटुंबे. कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये रविवारी प्रार्थनेला जमत. प्रत्येक घरी शिजवायच्या तांदळातून, धुण्याआधी, एक मूठ बाजूला निघे. आठवड्याने सगळ्यांचे डबे एका गोणीत रिकामे होत; मंडळीतलाच कुणी तो तांदूळ बाजारभावाने विकत घेई आणि खजिनदार काका वहीत आकडा लिहीत. त्या पैशातून आजाऱ्याला औषध, विधवेला लुगडे, आणि धर्मविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचा खर्च निघे.

या शेवटच्या खर्चाचा अर्थ मला १९७५ साली कळला. राँचीवाल्या काकांचा थोरला मुलगा माझ्याहून वर्षाने लहान. आम्ही एकाच मैदानावर वाढलो होतो. त्याने पाळक होण्याचे ठरवले आणि राँचीच्या गॉस्नर थिऑलॉजिकल कॉलेजात जायला निघाला. काकांना ते मनातून रुचले नव्हते. कारखान्याच्या गावात बापाला एकच स्वप्न पडते, मुलाच्या छातीवर गेटपास पाहण्याचे. पण मंडळीने शिफारस केली होती, आणि ज्याला मंडळी पाठवते त्याच्या शिक्षणाची जबाबदारीही मंडळी घेते. थोडा भार राँचीचे मुख्य कार्यालय उचलणार होते, थोडा घर, आणि उरलेला तो पत्र्याचा डबा.

मी तेव्हा नागपुरात इंजिनियरिंग शिकत होतो, तेही शिष्यवृत्तीवर. सुट्टीत घरी आलो असता जेवताना मी हसत म्हणालो, "एवढा हुशार मुलगा, आणि दारोदारच्या तांदळावर शिकायचे! यापेक्षा शिकू नये हे बरे."

वडिलांनी घास ताटात ठेवला. ते रागावले नाहीत. बराच वेळ बोललेही नाहीत. हात धुऊन आल्यावर, कपाटाकडे पाहत, जणू कपाटाशीच बोलावे तसे म्हणाले, "मी वर्ध्याला वार लावून जेवलो आहे. पाच वर्षे."

वीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी आम्हांला सांगितली नव्हती. आईला ठाऊक होती, पण तिनेही कधी तोंडातून काढली नव्हती. १९४०-४५ चा तो काळ. सेवाग्रामला गांधीजी होते, वर्ध्याला पुढाऱ्यांची ये-जा होती, आणि वडील नावाचा एक पोरका मुलगा सात वारी सात घरी जेवून शाळा शिकत होता. सहा घरांविषयी ते आदराने बोलले. मंगळवारच्या घराविषयी एवढेच म्हणाले, की तिथे मागच्या ओसरीवर बसवत आणि वाढण्याआधी, आज किती मार्क मिळाले, ते विचारत. मार्क कमी असले तर ताक मिळत नसे.

दुसऱ्या दिवशी आईने दोन वाट्या तांदूळ काढले, त्यातून एक मूठ वेगळी केली आणि भिंतीपलीकडे नेऊन दिली. काकू क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी डब्याचे झाकण उघडले. त्या दिवसापासून आमच्याही स्वयंपाकघरातून तो बारीक आवाज येऊ लागला. आम्ही काही ख्रिस्ती झालो नाही, की काका आम्हांला कधी त्याविषयी बोलले नाहीत. वडिलांच्या दृष्टीने प्रश्न धर्माचा नव्हताच. कुणीतरी एक मुलगा परगावी शिकत होता आणि त्याला जेवायचे होते, एवढेच त्यांना दिसत होते.

पुढे वाचनात ज्या गोष्टी आल्या, त्यांनी त्या डब्याला मोठी वंशावळ मिळवून दिली. मार्टिन ल्यूथरचा बाप मान्सफेल्ड येथे तांब्याच्या भट्ट्या चालवी. म्हणजे भट्टीच्या धगीपुढे राबणाऱ्या बापाचा आणि ईश्वरविद्येकडे वळलेल्या मुलाचा संघर्ष या पंथाच्या जन्मापासूनचा आहे. ल्यूथरच्या बापालाही मुलाने वकील व्हावे असे वाटत होते. शाळकरी वयात ल्यूथर सोबत्यांसह घरांपुढे स्तोत्रे गाऊन भाकरी मिळवी. आपल्याकडच्या माधुकरीचेच ते जर्मन रूप म्हणावे लागेल. आणि विशेष हे, की त्याने ते लपवले नाही. मुलांना शाळेत ठेवा, असे आईबापांना विनवणारे त्याचे एक प्रवचन १५३० सालचे आहे. त्यात, अशा तुकडे मागणाऱ्या पोरांना हिणवू नका, मीही त्यांतलाच एक होतो, असे तो उघड सांगतो, आणि ऐपतदारांनी मृत्युपत्रात गरीब हुशार मुलांच्या शिक्षणाची तरतूद करावी असे सुचवतो. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तो मोठा माणूस झाला, म्हणून त्याला सांगता आले."

त्याआधी, १५२३ मध्ये, लाइसनिग नावाच्या लहानशा गावाने ल्यूथरच्या सल्ल्याने एक सामाईक पेटी ठेवली होती. मठांचे आणि देवस्थानांचे उत्पन्न तीत जमा व्हायचे आणि तीतून पाळकाचा निर्वाह, मुलांची शाळा आणि गरिबांचे साहाय्य चालायचे. त्या पेटीला चार कुलुपे होती आणि किल्ल्या चौघांकडे: सरदारांकडे, नगरसभेकडे, शहरातल्या रहिवाशांकडे आणि खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे. चौघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडत नसे. धर्मकार्याच्या पैशावर कुणा एकाची सत्ता नसावी, हा त्यातला विचार. आमच्या शेजारच्या डब्याला कुलूप नव्हते. त्याचे झाकणसुद्धा जरा वाकलेले होते.

भारतात मात्र ल्यूथरपंथी धर्मशिक्षणाचा आरंभ लोकांच्या पेटीतून न होता राजाच्या तिजोरीतून झाला. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले दोन जर्मन, त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाउ, १७०६ साली तरंगमबाडीला उतरले. दहा वर्षांत तिथे देशी तरुणांना धर्मकार्यासाठी शिकवणारी शाळा निघाली आणि १७३३ मध्ये आरोन हा पहिला भारतीय ल्यूथरपंथी पाळक दीक्षित झाला. छिंदवाड्याकडे, जिथे सौंसर-पांढुर्ण्याची मराठी वस्ती सुरू होते, तिथे स्वीडनचे मिशन आले. राँचीला बर्लिनचे आले. त्या बर्लिनच्या मिशनचा संस्थापक योहानेस गॉस्नर विलक्षण मताचा होता. आपल्या माणसांनी पगारावर न राहता जमेल तितके हाताच्या कष्टांवर जगावे, असे त्याचे म्हणणे. त्याचे चौघे जण २ नोव्हेंबर १८४५ रोजी राँचीत पोहोचले आणि पाच वर्षांनी, ९ जून १८५० रोजी, चार उराँवांनी पहिला बाप्तिस्मा घेतला. नंतर कामाचा व्याप वाढला, तसा परदेशातून येणाऱ्या पैशाचा आधारही वाढला.

मग पहिले महायुद्ध आले. जर्मन मिशनरी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडण्यात आले आणि बर्लिनचा ओघ तुटला. चर्च मोडेल असे वाटण्याजोगी ती वेळ. पण १० जुलै १९१९ रोजी उराँव-मुंडांच्या या चर्चने आपण स्वायत्त असल्याचे जाहीर केले. काका ही तारीख स्वातंत्र्यदिनासारखी सांगत. "साहब लोग गये, पैसा गया," ते म्हणत, "तब पता चला, चावल तो घर में था." पुढेही बाहेरची मदत येत राहिली, हे काका प्रामाणिकपणे कबूल करत. पण ज्या घराला उपास सोसून पाहिलेला असतो, ते घर पाहुण्याने आणलेल्या शिध्यावर पूर्ण विसंबत नाही.

मराठी वाचकाला याच वाटेवरचा एक प्रवासी चांगला ठाऊक आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. त्या आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. राजनांदगाव आमच्या भिलाईहून पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरच्या धर्मविद्यालयात शिकवले, मिशनच्या वेतनावर वर्षे काढली; आणि १९१७ साली ते वेतन सोडून दिले. आपला धर्म आपल्या लोकांच्या मनात परक्याच्या पैशाशी जोडला गेला आहे, ही खंत त्यांना होती. लक्ष्मीबाईंच्या संसारावर अशा निर्णयांचा भार कसा पडे, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगायला नको. स्वावलंबन ही पुरुषांच्या तोंडी शोभणारी गोष्ट. तिचा हिशेब चुलीपाशी बसलेल्या बाईला द्यावा लागतो. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडासाठी जात्यावर बसण्याआधी मूठभर धान्य वेगळे काढणारी बाई आणि आमच्या भिंतीपलीकडची काकू, या दोघींची भाषा वेगळी, देव वेगळा, पण हाताची मूठ एकच होती.

इथवर सगळे सुंदर आहे. पण गोष्ट इथे संपली नाही.

१९७७ च्या नाताळात तो मुलगा घरी आला. मी तेव्हा नुकताच कारखान्यात लागलो होतो. रात्री आम्ही दोघे रस्त्याने चालत होतो. आकाश भट्टीच्या उजेडाने तांबूस झाले होते. तो म्हणाला की त्याला परत जायचे नाही. अभ्यास जमत नव्हता असे नव्हे. ग्रीक येत होते, हिब्रूही येऊ लागले होते. पण उन्हाळ्यात त्याला एका खेड्यात उपदेशाच्या सरावासाठी पाठवले होते. तिथे तापाने मूल गेलेल्या एका बाईने त्याला एक साधा प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर देता आले नाही. त्याने पाठ केलेले उत्तर दिले. तिने मान डोलावली. "उसने मान लिया, भैया," तो म्हणाला, "और मैंने खुद नहीं माना."

"मग सोड," मी म्हणालो. मला ते फार सोपे वाटत होते.

तो थांबला. "कैसे छोड़ूँ? पैसा जर्मनी से आता तो एक चिट्ठी लिखकर छोड़ देता. ये चावल है. मुझे मालूम है किसके घर में किस दिन कम पका है."

माझ्याजवळ यावर बोलण्यासारखे काही नव्हते. सरकारी शिष्यवृत्तीच्या कागदावर कुणाचा चेहरा नसतो. ती घेताना मला कुणाचे ताट आठवले नव्हते. ज्या मुठीचे मी मनात कौतुक करू लागलो होतो, ती गळ्याभोवतीही आवळता येते, हे मला त्या रात्री दिसले. दुरून येणारा पैसा माणसाला परावलंबी करतो हे खरे. पण जवळचा पैसा त्याला बांधून घालतो, हेही तितकेच खरे. मंगळवारच्या घरी ताक का मिळत नसे, तेही मला तेव्हा उमजले. देणाऱ्याला आपण काय विकत घेतले आहे, ते पाहायचे असते.

मी त्याला वडिलांकडे नेले. दोघे ओट्यावर बसले. वडील त्याला काय म्हणाले ते मी पूर्ण ऐकले नाही. एक वाक्य तेवढे कानी आले. "मी लपवत राहिलो, बेटा. तू लपवू नकोस. जे आहे ते त्यांच्यापुढे सांग."

रविवारी प्रार्थना झाल्यावर तो मंडळीपुढे उभा राहिला. वडील आणि मी दाराशी उभे होतो. त्याने चार वाक्यांत सांगितले आणि खाली पाहत राहिला. मग वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. ते घामाचे तांदूळ होते. एक जण म्हणाला, अडीच वर्षांचा खर्च हप्त्याहप्त्याने परत घ्यावा. दुसरा म्हणाला, मग उद्या कुणाचा मुलगा धर्मविद्यालयात जाईल? तिसऱ्याने काकांच्या संगोपनावर बोट ठेवले आणि काका उठून बाहेर गेले. शेवटी एक म्हातारी बोलली. तिचा मुलगा कारखान्यातल्या अपघातात गेला होता आणि सुनेच्या अनुकंपा नोकरीवर ती जगत होती. तिने आपल्या सादरी बोलीत जे सांगितले त्याचा अर्थ असा: मूठ काढताना मी या पोराचे नाव घेत नव्हते, देवाचे घेत होते, देवाने माझ्याकडे हिशेब मागितला नाही, तर मी याच्याकडे कसा मागू? आणि खोटे सांगणारा पाळक मिळण्यापेक्षा खरे सांगणारा पोरगा मिळाला, तर माझा तांदूळ वाया गेला असे मी म्हणणार नाही.

ठराव वगैरे काही झाला नाही. खजिनदाराने वही मिटली. पण सगळे विसरले गेले असेही नव्हे. पुढची दोन वर्षे काही घरांनी त्या कुटुंबाशी बोलणे कमी केले आणि काकूंच्या हातची मूठ मात्र मोठी झाली, हे मला भिंतीपलीकडच्या आवाजावरून कळत असे. दोन वर्षांनी त्या डब्यावर दुसरा एक मुलगा राँचीला गेला आणि पाळक होऊन परतला. पहिला गुमल्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर झाला. महिन्याच्या महिन्याला त्याची मनीऑर्डर मंडळीच्या नावे येई. कुणी मागितली नव्हती. हप्ता म्हणून तो पाठवत नव्हता, कारण तिला शेवट नव्हता. त्याच्या निवृत्तीपर्यंत ती येत राहिली.

वडील १९८८ मध्ये निवृत्त झाले. क्वार्टर सुटले, ती भिंतही सुटली. २००४ साली ते गेले. त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. पहिल्या पानावर सात वार आणि सात घरे, वर्ध्याच्या पत्त्यांसह. सहा नावांपुढे त्यांनी कधी ना कधी काही पाठवल्याच्या तारखा होत्या: लग्नाचा आहेर, पुस्तके, आजारपणात शंभर रुपये. मंगळवारपुढे जागा कोरी होती. मी वर्ध्याला गेलो. त्या पत्त्यावर आता दुकाने आहेत. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना कुटुंबाचे नाव आठवत होते, ठावठिकाणा नव्हता. मंगळवारचे अन्न वडिलांनी खाल्ले होते, हे तर खरेच होते. ताक नसले तरी भात होता. तो ज्यांनी वाढला त्यांना आता कुठे शोधायचे?

परतीच्या गाडीने डोंगरगड मागे टाकले, राजनांदगाव आले. तेवढ्या वेळात मी मनाशी काही ठरवले होते. भिलाईला उतरल्यावर बाजारातून चांगल्या तांदळाचे एक पोते घेतले आणि रविवारी मंडळीच्या प्रार्थनेला गेलो. खजिनदार आता नवे होते. तो म्हातारीचा नातू. धर्मविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, मी म्हणालो. वडिलांच्या नावे.

त्याने पोते आदराने ठेवून घेतले, पावती फाडली, सही केली. मग जरा संकोचून म्हणाला, "अंकल, इसको दान में लिखता हूँ. मुठिया में नहीं लिख सकता."

"का?"

"मुठिया बाजार से नहीं आता. घर में जो पकनेवाला है, उसमें से निकलता है."

मी घरी आलो. पत्नीने संध्याकाळच्या भाताला तांदूळ काढून ठेवला होता. मी पातेल्यात हात घातला, मूठ भरली आणि ती कशात टाकावी यासाठी फळीवर एखादा रिकामा डबा शोधू लागलो.